झाडावरच्या कोळ्याची पेटी

तिची चूक होती, असं लिहिलंय तुम्ही. खाली सही आहे, गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. 'सदर मुलगी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चालू कामाच्या ठिकाणी उतरली व मयत झाली.' वय लिहिलंय एकवीस. ती एकोणीसची होती. कागदावर दोन वर्षं जास्तीची दिलीत, फार उपकार झाले. रस्त्याच्या कामाच्या अख्ख्या कचेरीत हे लिहिताना एकाचाही हात जड झाला नाही का? असं विश्वंभर रोज बोलायचा, तोंडातल्या तोंडात, काचेशी. वसमतच्या मोंढ्याच्या रस्त्याला त्याचं फोटोफ्रेमचं दुकान, आणि दुकानामागं दोन खोल्यांचं घर. काच कापायच्या हिऱ्यानं रेघ ओढायची, टेबलाच्या काठाला टेकवून कट्कन मोडायची, आणि त्या मोडण्यात एकेक शब्द घालायचा. चूक. कट्. निष्काळजीपणा. कट्. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी त्याला काही कळायचं नाही. कळलं असतं तरी ते स्वतःच्या मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलेलं असायचं, दुसऱ्याचं ऐकायला त्याला कुठली फुरसत. तीस वर्षांत विश्वंभरनं अर्ध्या तालुक्याचे मेलेले काचेखाली घातले होते. म्हातारे, बाळंतिणी, मोटारसायकलीवरून गेलेली पोरं. स्वतःच्या लेकीचा फोटो मात्र अजून लिफाफ्यात होता, टेबलाच्या खणात. तो खण तो उघडत नव्हता. खिळे त्याच खणात होते, म्हणून त्यानं नवे खिळे विकत आणले होते.

झाडूचा धक्का लागला तो एवढासाच. प्रतिक्षा, त्यांची लेक, गेल्याच्या अडतिसाव्या दिवशी सकाळी त्याची बायको पार्वतीबाई तिच्या कोपऱ्यात झाडू मारायला गेली. आतल्या खोलीत पडदा लावून केलेला तो कोपरा. खाट, कॉलेजची बॅग, पुस्तकांची फळी, खिळ्याला अडकवलेली ओढणी. अडतीस दिवस तिथलं सगळं जिथल्या तिथं थांबलेलं होतं, आणि ते दोघंही त्या थांबलेल्याला सांभाळून चालायचे, झोपलेल्या लेकराशेजारून चालावं तसं. फळीवर पुस्तकांच्या मागं लोणच्याची प्लास्टिकची बरणी होती. झाडूचा दांडा तिला लागला आणि आत काहीतरी हललं. "आवो," पार्वतीबाई म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली, पण त्या आवाजानं दुकानात विश्वंभरच्या हातातली काच भलत्याच जागी मोडली. तो आत आला. ती झाडू छातीशी धरून उभी होती. "आवो, तिचं ते जनावर. जितं हाये ते."

बरणीत तळहाताएवढा कोळी होता. राखाडी, अंगावर चिंचेच्या सालीसारखी पांढरी-काळी नक्षी, पायांवर बारीक केस. पोट सुकून चिंचोक्याएवढं झालेलं. तो बरणीच्या भिंतीवर उभा चिकटून होता, डोकं खाली, आणि पुढचा एक पाय त्यानं हळूच उचलला आणि तसाच धरून ठेवला, काहीतरी विचारायचं असल्यासारखा.  अडतीस दिवस. तेराव्याला पाहुण्यांनी घर भरलं होतं, बायका त्याच फळीखाली बसून रडल्या होत्या, चहाचे कप त्याच फळीवर ठेवले होते; आणि हे इथं, एका हातावर, उपाशी, तहानलेलं, कुणालाही आठवण नाही. तिचं म्हणून जे काही जिवंत होतं ते एवढंच होतं, आणि तेच ते विसरले होते.

ती कोळी आणली संक्रांतीच्या आठवड्यात. 'ती'च म्हणायचं, असं प्रतिक्षानं बजावलेलं. "मादी आहे पप्पा. नर एवढा मोठा होत न्हाई." गावाबाहेरचा रस्ता रुंद करायला काढला होता आणि दोन्ही बाजूंच्या चिंचा पडत होत्या. म्हाताऱ्या चिंचा, एकेकीच्या ढोलीत माणूस उभा राहील अशा. प्रतिक्षा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, प्राणिशास्त्र घेऊन, आणि कॉलेज सुटलं की सायकल घेऊन त्या पडलेल्या झाडांकडं जायची. पोकलेन चालवणारा वसराम तांड्यावरचा होता, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्यानं तिला आधी हाकलून लावलं, मग कंटाळून ओळख करून घेतली. एका ढोलीतून हे जनावर बाहेर पडलं तेव्हा त्यानंच मशीन बंद करून हाक मारली, "ओ म्याडम, इकडं या, तुमची सासू निघाली." ती ओढणीत बरणी गुंडाळून घरी आली तेव्हा तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता आणि चेहरा असा, की जणू पहिल्या नंबरानं पास झाली. "ही जमिनीवर राहत न्हाई पप्पा. झाडावरच राहते, उभ्या सालीवर, ढोलीत. हिला रुंद जागा नको, उंच पाहिजे." नाव काय ठेवलं, असं त्यानं विचारलं होतं, थट्टेनं. ती म्हणाली होती, "न्हाई ठेवलं. नाव ठेवलं की आपण मालक झालो. ही पाहुणी आहे. दुसरी ढोली सापडली की सोडणार." मग सुई चुलीवर लाल करून तिनं बरणीच्या झाकणाला भोकं पाडली होती, एकेक, ओठ चावून. विश्वंभर खेकसला होता, चांगली बरणी वाया घातली म्हणून. आणि जाता जाता ती म्हणाली होती, "तोवर मला एक काचेची पेटी करून द्या ना." लगीनसराई होती, दुकानात देवादिकांच्या फ्रेमा पडून होत्या. तो म्हणाला होता, "पाडव्यानंतर बघू."

पाडवा झाला. चार दिवसांपूर्वीच झाला. त्यांच्या दारात गुढी नव्हती.

"सोडून द्या तिला," पार्वतीबाई म्हणाली. तिनं बरणीत पाण्याचे दोन थेंब सोडले होते, झाकण उघडताना डोळे मिटून, आणि ते जनावर त्या थेंबावर तोंड टेकवून किती तरी वेळ हललं नव्हतं. "झाडाचं जनावर हाय. झाडावर सोडा."

"कोणत्या झाडावर?"

 वसमतपासून पाच कोसात कोणत्या झाडाला ढोली उरलीय हे त्या दोघांना माहीत नव्हतं, माहीत असणारी एकच होती. मग ती म्हणाली, "मग करा पेटी. तिनं मागितली व्हती न्हवं?" एवढंच. तिनं टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं, असं विश्वंभरला वाटलं.

वही सापडली. निळ्या पेननं लिहिलेली, अक्षर घाईचं. फोटोफ्रेमवाल्याची नजर कागदावर आधी मापं शोधते. त्यालाही आधी मापंच दिसली. उंची अठरा इंच, रुंदी बारा, खोली बारा. उभी पोकळ फांदी, जाड साल. तळाला नारळाचा भुसा, किंचित ओला. पाण्याची वाटी. खायला रातकिडे, घरातले. शेतातले टोळ द्यायचे नाहीत, फवारलेले असतात. नवी जागा दिली की चार-पाच दिवस उघडायचं नाही, तिला ती जागा आपली वाटू द्यायची. आणि त्याखाली लिहिलं होतं, 'पप्पांना विचारायचं', पुढं दोन टिंबं, आणि त्यापुढं कोरं पान. विश्वंभर त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिला. काय विचारायचं होतं? तो असा काय शहाणा, सातवी नापास माणूस, त्याला काय विचारणार होती ती? त्याला काच कापता येत होती, पट्टीचा कोपरा पंचेचाळीस अंशात कापता येत होता, खिळा न दिसता ठोकता येत होता. त्यानं पुढची पानं उलटली. सगळी कोरी. कॉलेजची वही, शंभर पानांची, वापरलेली अकरा.

विश्वंभर पेटीच्या पट्ट्या उभ्या करून बघत होता, तेव्हा शेजारच्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीतून जळबा डोकावला. जळबाला सगळ्या गोष्टींत तोंड घालायची सवय, आणि दुःखाच्या घरात काय बोलावं हे न कळणाऱ्या माणसासारखा तो जास्तच बडबडायचा. "काय विश्वंभरशेट, देवघर का? लई उंच धरलंय. कोणता देव म्हणायचा?"

"कोळी."

"कोळी म्हंजे? माशाचे?"

"जाळ्याचा. प्रतिक्षाचा."

जळबाचं हसू तोंडावरच वाळलं. तो पायांनी माती उकरू लागला. मग म्हणाला, "मग चांगली काच घाल, गड्या. पाच एमएमची घाल. चुलीत गेली गिऱ्हाइकी." आणि आत जाऊन आपल्या टपरीतला छोटा दिवा घेऊन आला, मनगटी घड्याळं बघायचा, आणि टेबलावर ठेवून गेला.

फांदी वसराम घेऊन आला. कुणी सांगितलं त्याला कोण जाणे. वसमत एवढंसं गाव, जळबाच असणार. तो दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला, खांद्यावर हातभर लांबीची चिंचेची पोकळ फांदी, साल शाबूत, एका बाजूला अंड्याएवढं भोक. "काका, त्याच झाडाची हाय. लाकूडवाल्यानं सगळी नेली, ही तेवढी वढ्याच्या वगळीत पडून व्हती." त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा समोर आला होता. दाढी वाढलेली. काम सोडलं होतं, असं ऐकिवात होतं. "ये, वर ये," विश्वंभर म्हणाला. "न्हाई काका, टेम्पो उभा हाय." टेम्पो कुठं दिसत नव्हता. पार्वतीबाईनं तांब्या आणून पायरीवर ठेवला, तेव्हा तो पायरीवरच बसला आणि पाणी प्यायचं सोडून तांब्याकडंच बघत राहिला.

मोंढ्यात हळदीची आवक सुरू झाली होती. सगळ्या रस्त्यावर ती पिवळी धूळ, पोत्यांतून, टेम्पोंतून, हमालांच्या डोक्यांवरून उडून येऊन काचांवर बसायची, आणि फ्रेमच्या धंद्यात तिच्याइतका वैरी दुसरा नाही. कुठल्या फटीतून जाईल सांगता येत नाही. वर्षभरानं गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, बघा म्हणतं, आमच्या बाला कावीळ झाली. म्हणून विश्वंभरची ख्याती होती. त्याच्या फ्रेममध्ये धूळ जात नाही, कसर लागत नाही, दमट हवेनं फोटो काचेला चिकटत नाही. मागून हार्डबोर्ड, वर खाकी कागद खळीनं डकवलेला, कडेनं पट्टी. मेलेल्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, हे त्याचं काम. त्याच्या बापानं शिकवलेलं, त्याच्या बोटांत भिनलेलं.

"मशीन माझ्याच ताब्यात व्हती, काका," वसराम खाली बघून म्हणाला. "चावी माझ्या खिशात व्हती. मी फोन केला व्हता."

"जरा ही पट्टी धर," विश्वंभर म्हणाला.

वसरामनं पट्टी धरली. पट्टी सरकली म्हणून कोपरा चुकला, पुन्हा कापावा लागला. विश्वंभरला ऐकायचं नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. नालीसाठी दोन पुरुष खोल चर खणला होता, काळ्या मातीत, आधार नाही, फीत नाही, पाटी नाही. चिंचेचा बुंधा त्या चरात उघडा पडला होता आणि मुळांच्या बेचक्यात अजून कोळी असतील, पिल्लं असतील, म्हणून ती उतरली. काळी माती उन्हानं भेगाळलेली. बाजू एकदम बसली. तो पोचला तेव्हा तिला बाहेर काढून वाकळेवर ठेवलं होतं. तिच्या नखांत माती होती. एवढं त्याला माहीत होतं. त्यापलीकडं एक दार होतं आणि ते तो उघडत नव्हता, त्या खणासारखं.

पेटी दोन दिवसांत झाली. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. चार बाजूंनी काच, कोपऱ्यांना सागाची पट्टी, सगळे सांधे सिलिकॉननं भरलेले, वर काचेचंच झाकण, त्याला कडेनं रबर. दाबलं की फप् करून बसायचं. मुंगीलासुद्धा आत जायला वाव नव्हता, आणि हळदीच्या धुळीचा कणही जाणार नव्हता. फांदी उभी केली, भुसा पसरला, प्रतिक्षाच्या रंगाच्या डबीचं झाकण पाण्याची वाटी म्हणून ठेवलं. तिच्या बरणीचं ते भोकाभोकांचं झाकण टेबलावर पडलं होतं. भोक म्हणजे त्याच्या धंद्यात खोट. गरीब पोरीनं हातात येईल त्यात केलेला जुगाड. बापानं मात्र पक्कं करून द्यायचं. बरणीचं तोंड त्यानं फांदीजवळ धरलं. जनावर अर्धा तास हललं नाही आणि मग एकदम, डोळ्याला दिसायच्या आत, फांदीवर होतं. तिथं ते सालीत असं मिसळलं की बघता बघता हरवलं. पार्वतीबाईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. अडतीस-चाळीस दिवसांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला आवाज, ज्यात रडणं नव्हतं. विश्वंभरनं झाकण दाबलं. फप्. सिलिकॉनचा आंबट वास येत होता, ताज्या व्हिनेगरसारखा, पण तो वास त्याला नेहमीचा होता. त्याला तो काम पुरं झाल्याचा वास वाटायचा.

पेटी तिच्या कोपऱ्यात ठेवली, फळीवर. आणि एक विचित्र गोष्ट झाली: त्या घरात बसायला जागा झाली. पार्वतीबाई पेटीसमोर पाट टाकून बसू लागली. तांदूळ निवडायला तिथं, भाजी चिरायला तिथं. पहिल्या दिवशी जनावर ढोलीत होतं, फक्त दोन पाय बाहेर. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलं, भर दुपारी. "आवो, बाहेर आली बघा," ती दुकानात सांगायला आली. प्रतिक्षा म्हणायची की ती दिवसाची दिसत नाही, अंधाराची आहे. पण त्यांना दोघांनाही ते त्या वेळी आठवलं नाही. किंवा आठवलं आणि त्यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. "ओळखायला लागली," पार्वतीबाई म्हणाली. "वास कळत असंल त्यांना. ही तिच्या खोलीतली हाय, हिला कळत असंल आपण कोण." काचेला आतून दव धरलं होतं. ती ते बाहेरून पदरानं पुसायची आणि ते जायचं नाही, मग म्हणायची, थंडावा हाय आत, बरं हाय, उन्हाळा आलाय. तिसऱ्या दिवशी जनावर खाली उतरलं. झाडावरचं जनावर, जमिनीवर न उतरणारं, ते भुशावरून चालत काचेपाशी आलं, अगदी पार्वतीबाईच्या गुडघ्यासमोर, आणि पुढचे दोन पाय त्यानं काचेवर ठेवले. त्या पायांच्या खालच्या बाजू पिवळ्या होत्या, हळदीसारख्या, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पार्वतीबाईनं काचेला बोट लावलं. ती त्याच्याशी लेकीशी बोलावं तशी बोलायला लागली. "कॉलेजात काय शिकवत्यात गं तुमाला, किडेमुंग्या? बस भरून आली तरी बसनंच ये, सायकलीवर लांब जाऊ नको." विश्वंभर दारात उभा होता. त्यानं तिला थांबवलं नाही. उलट त्याच्या मनात आलं, आपण हे आधी का केलं नाही, आणि त्या सुखाची त्याला एवढी भीती वाटली की तो परत दुकानात जाऊन विनाकारण एक चांगली काच कापत बसला.

चौथ्या दिवशी सकाळी जनावराचे पाय आत वळलेले होते. आठही पाय पोटाखाली, मुठीसारखे. ते तसंच काचेपाशी होतं. "झोपलंय," पार्वतीबाई म्हणाली. अकरा वाजता म्हणाली, "अजून झोपलंय." विश्वंभर वाकून बघत होता तेव्हा वसराम आला, रुमालात दोन रातकिडे घेऊन, हातात काहीतरी असल्याशिवाय यायला तोंड नव्हतं म्हणून. तो आत आला, पेटीकडं बघितलं, चारही बाजूंनी बघितलं, वरून झाकणाच्या रबरावर बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाला, "काका, हिला हवा कुठनं जाती?"

विश्वंभरनं झाकण उचललं. फप्. आतून कोंडलेला आंबट वाफारा तोंडावर आला, सिलिकॉनचा, ओल्या भुशाचा, फांदीवर धरलेल्या पांढऱ्या बुरशीचा. डोळ्यांत पाणी आलं, त्या वासानं. वसरामनं जनावर तळहातावर घेतलं. बाहेर ओट्यावर नेलं, फुंकर मारली, बोट ओलं करून तोंडाशी धरलं. पाय उलगडले नाहीत.

पप्पांना विचारायचं. काचेला भोक कसं पाडतात, हे विचारायचं होतं तिला. दुसरं काय असणार? ते तिच्या बापाला येत होतं. त्यासाठी वेगळा ड्रिल असतो, काचेवर पाणी सोडत सोडत पाडायचं असतं, आरशाच्या स्क्रूसाठी त्यानं हजार वेळा पाडलं होतं. सगळ्या जगात तिला जी एक गोष्ट विचारायची होती ती नेमकी त्याला येत होती, आणि ती विचारायला नव्हती, आणि त्यानं न विचारता उत्तर दिलं होतं: पक्कं बंद. गुदमरून मेलेल्या पोरीच्या बापानं तिच्या जनावराला गुदमरवून मारलं, स्वतःच्या हातानं, प्रेमानं, दोन दिवस राबून. आणि ते बाहेर आलं ते ओळखीनं नाही. ते खाली उतरलं ते पार्वतीबाईसाठी नाही. ते वाट शोधत होतं. काचेवर पाय ठेवून ते त्यांच्या तोंडासमोर वाट शोधत होतं, आणि ते दोघं समोर बसून कौतुक करत होते.

पार्वतीबाई ओट्यावर येऊन उभी राहिली. "कशानं गेली?" तिनं विचारलं.

म्हातारी झाली होती, असं म्हणता आलं असतं. आधीच उपाशी होती, असंही. वसराम काही बोलला नसता. तो खाली बघत होता. विश्वंभरच्या तोंडात ती सगळी वाक्यं तयार होती, सही-शिक्क्यासकट. 'सदर जनावर स्वतःच्या.' त्याला एकदम कळलं की हे वाक्य किती सोपं असतं, ते लिहिताना हात जड का होत नाही.

"मी मारली," तो म्हणाला. "मंगळवारी अकराला मी झाकण लावलं. हवेला जागा ठेवली न्हाई, सिलिकॉनचा वाफारा आतच कोंडला. माझ्या हातानं मेली ती."

पार्वतीबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला वाटलं असतं तर ती त्या क्षणी काहीही बोलू शकली असती, आणि ते बरोबर ठरलं असतं. ती खाली बसली, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाली, "बोललात तरी. एवढ्या दिसांत कुणी एक जण बोललं तरी." आणि रडली, पण हे रडणं वेगळं होतं, त्याला काठ होता.

मग विश्वंभरनं वसरामला विचारलं. ते दार त्यानं उघडलं. "फोन कितीदा केला?"

"पाच बार, काका." वसरामनं खिशातून मोबाईल काढला. "पहिला अकरा वाजून बारा मिनटाला, कचेरीतल्या साहेबाला. मोबाईलमधी हाय अजून, मी पुसला न्हाई. म्हनलं साहेब, पोरगी दबली, मशीन लावू का. ते म्हनले, खाली केबल हाय, मशीन लावू नको, मी वर बोलतो. परत केला. थांब म्हनले. परत केला. मीटिंगमधी हाय म्हनले. लोकं हातानं उकरत व्हते काका, फावडी बी दोनच व्हती. मी चावी हातात धरून उभा. नोकरी जाईल म्हनून उभा. मी तिला म्याडम म्हनत व्हतो, काका."

"मशीन कधी लावली?"

"अकरा त्रेपन्नला 'लाव' म्हनले."

त्या कागदाचा दुसरा परिच्छेद विश्वंभरला पाठ होता, पण त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला. 'घटना निदर्शनास येताच तात्काळ बचावकार्य हाती घेण्यात आले.' एक्केचाळीस मिनिटं. दवाखान्याच्या कागदावर कारण होतं, गुदमरून; वेळ नव्हती. त्यानं पेटी उचलली. तशीच, फांदीसकट, भुशासकट, आणि ते मुठीसारखं मिटलेलं जनावर परत आत ठेवून. पार्वतीबाईनं चपला घातल्या. "तू कुठं?" "चला," ती म्हणाली. वसराम मोबाईल मुठीत धरून मागं चालला. जळबानं टपरीतून बघितलं, आणि विश्वंभरच्या दुकानाचं शटर आपण होऊन ओढून घेतलं.

रस्त्याच्या कचेरीत पंखा चालू होता. बाहेरच्या शिपायानं, साहेब कामात आहेत, असं म्हणेपर्यंत पार्वतीबाई आत गेली होती. साहेबांच्या टेबलावर विश्वंभरनं पेटी ठेवली. खुर्ची करकरत मागं सरकली. "हे काय आणलंय? अहो, काय आहे हे? बाहेर न्या आधी!"

"मेलेली हाय साहेब, चावत न्हाई," पार्वतीबाई म्हणाली. "बसा."

साहेब बसले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत. विश्वंभर आयुष्यात कधी कचेरीत मोठ्यानं बोलला नव्हता. तिथं तो नेहमी चौकटीत बसवल्यासारखा उभा राहायचा. आताही त्याचा आवाज चढला नाही. काच मोडताना लागतो तेवढाच जोर त्यात होता.

"साहेब, हे जनावर माझ्या लेकीचं. याला मी मारलं. मंगळवारी अकराला कोंडलं, शुक्रवारी सकाळी गेलं. तीन दिवस ते माझ्या डोळ्यांपुढं हवा शोधून राहिलं होतं आणि मला अडाण्याला ते कळलं न्हाई. याच्यात याची चूक न्हाई, माझी हाय. लिहून घ्या, मी सही करतो. आता तुमी सांगा. तुमाला तर पाच बार कळवलं होतं. त्या एक्केचाळीस मिनटांतली किती मिनटं माझं लेकरू मातीखाली श्वास घेऊन राहिलं होतं? डॉक्टरानं लिहिलं न्हाई, तुमी लिहिलं न्हाई. तिच्या आईला उभ्या उभ्या सांगा साहेब, आम्ही ऐकून जातो. किती?"